गुणवत्ता व्यवस्थापन: कोणते काम आधी, कोणते नंतर

बहुतेक संस्थांत गुणवत्तेचे काम उलट्या टोकाने सुरू होते. आधी प्रमाणपत्र घ्यायचे ठरते, मग फायली तयार होतात, भिंतीवर गुणवत्ता धोरणाची चौकट लागते. वर्षभराने पाहावे, तर परत येणाऱ्या मालाचा आणि तक्रारींचा आकडा जिथल्या तिथे. माणसे आळशी होती किंवा पैसा कमी पडला असे सहसा नसते. कामाचा क्रम चुकलेला असतो.

क्रम असा आहे. काय हवे ते मोजता येईल अशा शब्दांत लिहायचे. ते मोजणारे साधन भरवशाचे आहे का ते तपासायचे. प्रक्रिया स्थिर आहे का ते पाहायचे. स्थिर असेल, तर ती पुरेशी आहे का हे ठरवायचे. मग दोषांची कारणे काढायची आणि शेवटी केलेली सुधारणा घसरू द्यायची नाही. यातली एक पायरी गाळली की पुढच्या पायरीवरची मेहनत वाया जाते. मोजपट्टीच चुकीची असेल तर आलेख कितीही सुबक काढा, तो खोटेच सांगणार.

त्याआधी एक हिशेब

गुणवत्तेवर नेमका किती पैसा जातो हे संस्थेत कोणाला माहीत नसते, कारण तो जमाखर्चात एका ठिकाणी दिसतच नाही. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ आर्मंड फिगेनबॉम यांनी १९५०च्या दशकात या खर्चाचे कप्पे पाडून दाखवले आणि तेच आजही वापरात आहेत: दोष होऊ नये म्हणून केलेला खर्च (प्रशिक्षण, प्रक्रियेचे नियोजन, पुरवठादाराची पारख), तपासणीचा खर्च, दोष घरातच सापडल्याचा खर्च (भंगार, पुन्हा काम, फेरतपासणी) आणि दोष ग्राहकापर्यंत पोहोचल्याचा खर्च (परतावा, भरपाई, तातडीची वाहतूक, माणसे पाठवणे).

मागच्या तीन महिन्यांची आकडेमोड करा. भंगाराची नोंद स्टोअरकडे असते, परताव्याची हिशेब विभागाकडे. पुन्हा केलेल्या कामाची मात्र कुठेच नसते. ते रोजच्या कामात मुरलेले असते. दोन आठवडे प्रत्येक टेबलावर किंवा मशिनवर एक कोरा तक्ता ठेवा आणि ‘झालेले काम परत करायला किती मिनिटे गेली’ एवढेच लिहायला सांगा. कारण विचारू नका, नाव तर अजिबात नको. या दोन्हींपैकी काही विचारले की आकडे पहिल्याच दिवशी निम्म्यावर येतात. हा हिशेब अगदी काटेकोर असण्याची गरज नाही. चार कप्प्यांतला सर्वात मोठा कोणता, एवढे कळले तरी पुढच्या चर्चा मुद्द्यावर येतात.

काय हवे ते लिहून काढा

‘फिनिश चांगला हवा’, ‘वेळेवर उत्तर द्या’, ‘पॅकिंग मजबूत असावे’ ही वाक्ये ज्याला जसा हवा तसा अर्थ काढायला मोकळी आहेत. प्रत्येक अपेक्षेपुढे तीन गोष्टी लिहा: काय मोजायचे, कशाने आणि कसे मोजायचे, कुठल्या मर्यादेत असले की चालेल. ‘वेळेवर’ म्हणजे अर्ज नोंदवल्यापासून निर्णय कळवेपर्यंत किती दिवस? कामाचे दिवस की कॅलेंडरचे? कागद अपुरे म्हणून अर्ज परत गेला तर घड्याळ थांबते की चालू राहते? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि दोन विभागांचे आकडे कधीच जुळत नाहीत ते त्यामुळेच.

रंग, ओरखडे, शिवण, भाषेचा सूर अशा डोळ्यांनी ठरवायच्या गोष्टींसाठी नमुने ठेवा: एक स्पष्ट चांगला, एक स्पष्ट वाईट आणि एक अगदी सीमेवरचा, जो ‘इथपर्यंत चालेल’ म्हणून ग्राहकाने सही करून दिला आहे. तिसरा नमुना नसेल तर पहिले दोन शोभेचे. वाद नेहमी सीमेवरच होतात. रंगाचे नमुने काळोख्या पाकिटात ठेवा आणि त्यांवर मुदत लिहा, कारण नमुनाही विटतो.

मोजमापावर विश्वास ठेवण्याआधी

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. शाफ्टचा व्यास २५.०० मिमी हवा, ०.०५ कमी किंवा जास्त चालेल. म्हणजे मोकळीक एकूण ०.१० मिमी. जुना ठोकताळा असा, की साधनाचे लघुतम माप (ते दाखवू शकते तो सर्वात लहान फरक) या मोकळिकीच्या दहाव्या भागाइतके तरी बारीक असावे, म्हणजे इथे ०.०१ मिमी. ०.०२ लघुतम मापाची व्हर्नियर इथे कमी पडते, साधा मायक्रोमीटर जेमतेम पुरतो.

कॅलिब्रेशनचे स्टिकर असले म्हणजे मोजमाप बरोबर, हा समज मात्र सोडून द्यावा लागतो. प्रयोगशाळेत प्रमाणित ठोकळ्यावर साधन किती बरोबर दाखवते एवढेच ते स्टिकर सांगते. तेलकट शाफ्टवर, रात्रपाळीत, तीन वेगवेगळ्या हातांत ते काय दाखवते हे वेगळे तपासावे लागते. पद्धत सोपी आहे. कमीत कमी मापापासून जास्तीत जास्त मापापर्यंत पसरलेले १० नग निवडा. तीन जणांकडून प्रत्येक नग दोन-तीनदा मोजून घ्या. क्रम दर वेळी बदला आणि आधीचे आकडे कोणाला दिसू देऊ नका. मोजमापातला फरक एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर साधन चांगले. १० ते ३० टक्के असेल तर कामाचे महत्त्व आणि साधनाची किंमत पाहून ठरवायचे. ३० टक्क्यांच्या वर गेले तर त्या साधनावरून कसलाही निर्णय घेऊ नये.

या चाचणीत हमखास होणारी चूक म्हणजे सलग निघालेले १० नग घेणे. ते सगळे जवळजवळ एकाच मापाचे असतात, त्यामुळे साधन उगाच बदनाम होते. एकाच माणसाच्या दोन वाचनांत फरक पडत असेल तर साधन किंवा नग धरण्याची पद्धत पाहा. माणसागणिक फरक पडत असेल तर पद्धत शिकवण्यात गडबड आहे.

डोळ्यांच्या तपासणीचीही परीक्षा घेता येते आणि घ्यावीच. ३० नग घ्या, त्यांत काही चांगले, काही खोट असलेले, काही सीमेवरचे मिसळा, प्रत्येक तपासनिसाला दोनदा दाखवा. त्याच माणसाने त्याच नगाला सकाळी ‘पास’ आणि दुपारी ‘नापास’ म्हटलेले आढळले तर दचकू नका, ते नेहमीचे आहे. उपाय बहुधा उजेड, नमुने आणि नग पाहायला मिळणारी सेकंदे यांत असतो.

तपासणीने काय होते आणि काय होत नाही

शेवटी तपासणी करून दर्जा आणता येत नाही, हे वाक्य सर्वांना पाठ असते. त्यामागचे गणित मात्र क्वचितच कोणी मांडते. १००० नगांचा लॉट (एकत्र आलेला माल) आहे आणि नमुना तपासणीच्या प्रचलित तक्त्यांनुसार, आयएसओ २८५९-१ या आंतरराष्ट्रीय मानकातला तपासणीचा साधारण स्तर २ आणि एक्यूएल (स्वीकारार्ह दर्जा मर्यादा) १.० धरून, ८० नग काढले. २ पर्यंत दोषी सापडले तर लॉट घ्यायचा, ३ सापडले तर परत. आता समजा लॉटमध्ये प्रत्यक्षात ३ टक्के नग दोषी आहेत. हा लॉट पकडला जाईल असे वाटते. पण संभाव्यतेने पाहिले तर असे लॉट निम्म्याहून अधिक वेळा पास होतात. ‘एक्यूएल १.०’ याचा अर्थ ‘१ टक्क्यापेक्षा जास्त दोष असतील तर माल अडवला जातो’ असा नाही. १ टक्का किंवा त्याहून कमी दोष असलेला चांगला माल उगाच नाकारला जाऊ नये, यासाठी तो आकडा असतो. खरेदी विभागाला हे एकदा समजावून सांगितले तर पुरवठादाराशी होणारी निम्मी भांडणे टळतात.

साखळीचाही विचार करा. पाच टप्पे आहेत आणि प्रत्येकात ९५ टक्के काम पहिल्याच फटक्यात बरोबर होते. कोणत्याही टप्प्याचा प्रमुख ‘आमचे ९५ टक्के’ असे अभिमानाने सांगेल. पण ०.९५ पाचदा गुणले की ०.७७ येते: शंभरातले २३ नग किंवा २३ अर्ज कुठे ना कुठे मागे फिरले आहेत. शेवटच्या टेबलावर सगळे दुरुस्त होऊन बाहेर पडते म्हणून अंतिम आकडा ९९ टक्के दिसतो. त्यामुळे दुरुस्ती करून पास झालेला नग आणि पहिल्याच वेळी पास झालेला नग यांची नोंद वेगळी ठेवा. गुणवत्तेचा एकच आकडा ठेवायची मुभा मिळाली, तर ‘पहिल्या फटक्यात बरोबर’ हाच ठेवावा.

स्थिर आहे का? नियंत्रण आलेख

नियंत्रण आलेख म्हणजे वेळेच्या क्रमाने मांडलेली मापे, मधे सरासरीची रेषा आणि वर-खाली प्रक्रियेच्याच आकड्यांवरून काढलेल्या दोन मर्यादा. १९२४ मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी एका पानाच्या टिपणात हा आलेख मांडला. त्यामागची कल्पना अशी: फरक दोन जातींचा असतो. एक प्रक्रियेच्या अंगचा, शेकडो बारीक कारणांनी मिळून झालेला. दुसरा बाहेरून आलेला: हत्यार तुटले, नवा माल आला, नवखा माणूस बसला. पहिल्या जातीच्या फरकाला एकेक कारण नसते, त्यामुळे तिथे ‘आज असे का झाले?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

शाफ्टचा आलेख असा काढा. दर तासाला सलग ५ नग मोजा. पाचांची सरासरी आणि पाचांतले सर्वात मोठे वजा सर्वात लहान, म्हणजे विस्तार, लिहून ठेवा. असे २० ते २५ गट जमेपर्यंत मर्यादा काढू नका. समजा सरासरींची सरासरी २५.०१२ आली आणि विस्ताराची सरासरी ०.०३५. पाचच्या गटासाठी तक्त्यातला ठरलेला गुणक ०.५७७ आहे (पुढचे २.११४, २.३२६ आणि २.६६ हेही असेच ठरलेले आकडे). ०.५७७ × ०.०३५ = ०.०२०, म्हणून सरासरीच्या मर्यादा २४.९९२ आणि २५.०३२. विस्ताराची वरची मर्यादा २.११४ × ०.०३५ = ०.०७४, खालची शून्य. आधी विस्ताराचा आलेख वाचा. तोच हललेला असेल तर सरासरीच्या मर्यादांना अर्थ नाही.

या मर्यादा ड्रॉइंगवरच्या मर्यादा नव्हेत. आलेखावर २४.९५ आणि २५.०५ च्या रेषा ओढायचा मोह सर्वांना होतो, ओढू नका. ड्रॉइंगची मर्यादा प्रत्येक नगासाठी असते आणि आलेखावर सरासरी असते. सरासरी आत असूनही एखादा नग बाहेर असू शकतो.

खूण म्हणून तीनच नियम पुरे: एखादा बिंदू मर्यादेबाहेर, सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला, सलग सहा बिंदू चढते किंवा उतरते. पुस्तकांत याहून बरेच नियम मिळतील, पण जितके नियम तितक्या खोट्या घंटा. आठवड्यात चारदा विनाकारण मशिन थांबवले की ऑपरेटर आलेखाकडे पाहणे सोडून देतो आणि मग तो भरला जातो फक्त ऑडिटसाठी.

आलेख फसतो तो बहुधा गट चुकीचा निवडल्याने. दोन मशिनांचे नग एकाच ट्रेमध्ये पडतात आणि त्यातून ५ उचलले जातात. दोन मशिनांतला फरक विस्तारात शिरतो, मर्यादा रुंद होतात आणि सगळे बिंदू मध्यरेषेला चिकटून राहतात. आलेख विलक्षण शांत दिसला तर खूश होण्याऐवजी नग कुठून उचलले ते विचारा. दुसरी खूण: विस्ताराच्या आलेखावर तीन-चारच वेगवेगळे आकडे पुन्हापुन्हा येत असतील तर साधन पुरेसे बारीक मोजत नाही. आपल्या उदाहरणात ०.०२ ची व्हर्नियर वापरली असती तर मर्यादेच्या आत ०, ०.०२, ०.०४, ०.०६ एवढेच आकडे शक्य होते.

आणि सर्वात जास्त नुकसान करते ती अतिउत्साही माणसाची ढवळाढवळ. नग ०.०१ ने जास्त आला की मशिन ०.०१ ने खाली, कमी आला की वर. स्थिर प्रक्रियेत प्रत्येक नगानंतर असे केले तर फरकाचे वर्गमान दुप्पट होते, म्हणजे पसारा सुमारे १.४ पट. संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग नरसाळ्यातून गोटी टाकण्याच्या प्रयोगाने हेच दाखवत. माणूस प्रामाणिकपणे मेहनत घेत असतो आणि माल बिघडत असतो. म्हणून मशिनजवळ ‘केव्हा सेटिंग करायचे’ याइतक्याच ठळक अक्षरांत ‘केव्हा हात लावायचा नाही’ हेही लिहा.

स्थिर आहे, पण पुरेशी आहे का?

स्थिर म्हणजे चांगली असे नाही. स्थिरपणे वाईट माल देणाऱ्या प्रक्रियाही असतात. विस्ताराच्या सरासरीला २.३२६ ने भागले की प्रमाण विचलन, म्हणजे पसाऱ्याचे माप, मिळते: ०.०३५ ÷ २.३२६ = ०.०१५. मोकळीक ०.१० ला त्याच्या सहा पटीने, ०.०९ ने, भागले की सीपी (मोकळीक पसाऱ्याला किती पुरते याचा आकडा) १.११. पण आपली सरासरी २५.०१२ आहे, मधोमध नाही. जवळची मर्यादा २५.०५, तिथपर्यंतचे अंतर ०.०३८ आणि त्याला विचलनाच्या तीन पटीने, ०.०४५ ने, भागले की सीपीके (सरासरी मधोमध नसल्याचाही हिशेब धरणारा आकडा) ०.८४. अनेक ग्राहक सीपीके निदान १.३३ मागतात.

या दोन आकड्यांतल्या तफावतीतच पुढचे काम दडलेले असते. माप सामान्य वितरणाच्या जवळपास आहे असे धरले, तर आजच्या स्थितीत हजारात साधारण ६ नग बाहेर जातील. फक्त सेटिंग हलवून सरासरी २५.००० वर आणली, तर हजारात १. एवढी सुधारणा जवळजवळ फुकट मिळते. त्यापुढे जायचे तर पसारा कमी करावा लागेल, म्हणजे बेअरिंग, पकड, कच्चा माल यांत हात घालावा लागेल, आणि त्याला पैसा लागतो. सीपी चांगला पण सीपीके वाईट असताना नवे मशिन मागणारा प्रस्ताव आला तर तो परत पाठवा. आलेख स्थिर नसताना काढलेला सीपीके कोणी दाखवला तर तोही.

कार्यालयातही हेच

सेवेच्या कामात गट पाडता येत नाहीत. आठवड्याला एकच आकडा मिळतो. तिथे लगतच्या दोन आकड्यांतला फरक घ्या, त्या फरकांची सरासरी काढा आणि २.६६ ने गुणा. अर्ज निकाली निघायला सरासरी ६.२ दिवस लागतात आणि आठवड्या-आठवड्यातला फरक सरासरी १.५ दिवस असेल, तर मर्यादा सुमारे २.२ ते १०.२ दिवस. एका आठवड्यात ९ दिवस लागले म्हणून बैठक बोलावून जाब विचारणे व्यर्थ आहे. ही व्यवस्था अधूनमधून ९ दिवस घेणारच. ९ नको असतील तर व्यवस्थाच बदलावी लागेल: सहीसाठी किती टेबले, कागद कुठे अडून राहतात, अपुरे अर्ज दारातच का अडवले जात नाहीत.

दोष सापडला की पहिल्या दिवशी काय करायचे

इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. सापडलेला नग बदलणे किंवा नीट करणे ही दुरुस्ती. तो दोष का झाला ते शोधून कारण काढून टाकणे ही सुधारक कृती. आणि कारण सापडेपर्यंत आणखी दोषी माल बाहेर जाऊ न देणे ही रोखथाम. रोखथाम २४ तासांत व्हायला हवी. ज्या मालात तो दोष असू शकेल असा माल कुठे कुठे आहे याची यादी करा: ग्राहकाकडे, वाटेत, गोदामात, मशिनवर अर्धवट, पुन्हा कामासाठी बाजूला ठेवलेला, पुरवठादाराकडे. प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहा आणि बेरीज उत्पादनाच्या नोंदीशी जुळवा. बेरीज जुळली नाही तर काही नग कुठेतरी आहेत, आणि ते सापडतील ते ग्राहकालाच.

दोषी माल लाल पेटीत, शक्यतो कुलुपात. ‘बाजूला ठेवलाय’ असे सांगितलेला माल महिनाअखेरीच्या घाईत पाठवला जातो.

कारण शोधणे

कोणत्या दोषापासून सुरुवात करायची? दोषांची वर्गवारी करून उतरत्या क्रमाने मांडा. गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी ‘थोडी कारणे, बहुतेक नुकसान’ ही मांडणी रूढ केली. ही मांडणी दोनदा करा, एकदा नगांच्या संख्येने आणि एकदा खर्चाने. दोन्हीत पहिला येणारा दोष बऱ्याचदा वेगळा असतो. ‘इतर’ नावाचा खांब दहाव्या हिश्श्याहून मोठा झाला तर वर्गवारी नव्याने करा.

मग कागदावर नको, जागेवर जा. दोष कधी होतो याच्याइतकेच तो कधी होत नाही हे लिहा: कुठल्या मशिनवर नाही, कुठल्या पाळीत नाही, कुठल्या लॉटमध्ये नाही. फरक तिथे दिसतो. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांची माशाच्या काट्याची आकृती शक्यता गोळा करायला चांगली, पण ती शक्यतांची यादीच असते. भिंतीवर काट्यांचे जंगल उभे राहिले म्हणजे कारण सापडले असे नव्हे.

‘का?’ पाच वेळा विचारण्याची पद्धत सर्वात जास्त वापरली जाते आणि सर्वात जास्त बिघडवलीही जाते. लेबल चुकीचे लागले. का? ऑपरेटरने दुसरे रीळ लावले. का? लक्ष नव्हते. उपाय: समज दिली, प्रशिक्षण दिले, सही घेतली. हे इथे संपले तर दोन महिन्यांनी तेच लेबल परत येईल. प्रश्न माणसाकडून व्यवस्थेकडे वळवा. दोन रिळे शेजारी का होती? दिसायला एकसारखी का? चुकीचे लावल्यावर मशिन चालू कसे झाले? इथे दोन साखळ्या वेगळ्या चालवाव्या लागतात: दोष का झाला, आणि झालेला दोष आपल्याकडे का पकडला गेला नाही. दुसरी साखळी बहुतेक अहवालांत नसतेच.

सापडलेले कारण खरे आहे का, हे पाहायचा एकच खात्रीचा मार्ग: ते मुद्दाम घडवून दोष येतो का पाहा, काढून टाका आणि दोष जातो का पाहा. चालू-बंद करता येत नसेल तर ते अजून अंदाजच आहे.

उपाय लागू पडला असे कधी म्हणायचे? ‘आठवडाभर तक्रार नाही’ हे पुरेसे नाही. आधी दोषाचे प्रमाण १ टक्का असेल, तर सलग ३०० नग निर्दोष निघाले पाहिजेत. उपाय निकामी असूनही असे घडण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. प्रमाण १००० मागे १ असेल तर ३००० नग. ठोकताळा सोपा आहे: ३ भागिले जुने प्रमाण. तोवर फाईल बंद करू नका.

सुधारणा घसरू नये म्हणून

लेखी पद्धत एका पानात बसवा: कोणते माप किंवा सेटिंग किती, किती वेळाने पाहायचे, कोणी, आणि आकडा बाहेर गेला तर काय करायचे. शेवटचा रकाना बहुतेक कागदांत रिकामा असतो किंवा तिथे ‘सुपरवायझरला कळवा’ असे लिहिलेले असते. रात्री तीन वाजता सुपरवायझर नसतो. मशिन थांबवायचे का, मागचे किती नग बाजूला काढायचे, हे तिथेच लिहा. उत्तर सोपे आहे: शेवटच्या चांगल्या तपासणीपासून आतापर्यंतचे सगळे. म्हणजेच दोन तपासण्यांतले अंतर ठरवताना, एवढा माल पुन्हा तपासायची आपली तयारी आहे का, हा विचार करायचा.

कागदाहून चुकारोधक व्यवस्था बरी, ज्याला जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्यामुळे पोका-योके हे जपानी नाव मिळाले. उलटा बसणारच नाही असा भाग, रकाना रिकामा असेल तर पुढे न जाणारा अर्ज, बारकोड जुळल्याशिवाय न चालणारे मशिन. पाळी सुरू होताना एक मुद्दाम खोटा नग घालून ही व्यवस्था अडवते का ते रोज पाहा. तार निघालेला सेन्सर सगळे नग पासच करतो.

आणि बदलांवर नजर ठेवा. माणूस, मशिन, माल, पद्धत यांपैकी काहीही बदलले की तारीख-वेळेसह त्याच आलेखावर खूण करा. कारण शोधताना पहिला तास यातच वाचतो. पुरवठादारांशीही करारात एक ओळ हवी: साहित्य, जागा किंवा प्रक्रिया बदलण्याआधी कळवायचे.

प्रमाणपत्र, ऑडिट आणि आढावा

आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक पहिल्यांदा १९८७ मध्ये आले. २०१५ च्या आवृत्तीत अपेक्षा कलम ४ ते १० मध्ये आहेत. त्याचे प्रमाणपत्र व्यवस्थेला मिळते, मालाला नव्हे. २०१५ पासून गुणवत्ता नियमपुस्तिका किंवा वेगळा व्यवस्थापन प्रतिनिधी बंधनकारक नाही, तरी अनेक संस्था सवयीने जाड पुस्तिका सांभाळत बसतात. वर सांगितलेले काम चालू असेल तर प्रमाणनाला लागणारे बरेचसे पुरावे आपोआप तयार होतात.

अंतर्गत ऑडिट विभागवार प्रश्नावली घेऊन करू नका. पाठवलेली एक ऑर्डर निवडा आणि उलटे चालत जा: पॅकिंग, तपासणीची नोंद, मशिनचे सेटिंग, ऑपरेटरचे प्रशिक्षण, साधनाचे कॅलिब्रेशन, मालाची पावती, ग्राहकाची मूळ मागणी. दोन विभागांच्या सांध्यावरच्या चुका असेच सापडतात. निष्कर्ष लिहिताना तीन ओळी पुरतात: अपेक्षा काय होती, पुरावा काय दिसला, तफावत काय. ‘नोंदी व्यवस्थित ठेवाव्यात’ हा निष्कर्ष नव्हे, उपदेश झाला.

उद्दिष्टांबाबत सावध राहा. नाकारलेल्या मालाची टक्केवारी बोनसला जोडली की टक्केवारी खरोखर उतरते, कारण लोक नोंदवणे थांबवतात. पाहायचे असेल तर भंगाराचे वजन आणि नोंदवलेले दोष शेजारी मांडा. दोष कमी आणि वजन तेवढेच असेल तर आकडे शिजवले जात आहेत.

महिन्याच्या आढाव्यात पन्नास पानी सादरीकरण नको. पहिल्या फटक्यात बरोबर येणाऱ्या कामाचा आलेख, खर्चाने मोठे तीन दोष, तीस दिवसांहून जुन्या उघड्या सुधारक कृती आणि प्रत्येकीपुढे एकाच माणसाचे नाव. ते नाव गुणवत्ता विभागातले नसावे. ज्याच्या हातात प्रक्रिया आहे, त्याचेच असावे. गुणवत्ता विभागाने त्याला मोजमाप, आलेख आणि पद्धत पुरवायची. ज्या कृतीपुढे ‘सर्व संबंधित’ असे लिहिले असेल, ती पुढच्या बैठकीतही तशीच उघडी असेल.